फिटिंगकाकूंच्या पत्त्यावर आलेलं सरकार

फिटिंगकाकूंना नवे कपडे शिवता येत नव्हते असं नाही. येत होते, आणि चांगले येत होते. पण त्यांचं म्हणणं असं, की नवा कपडा कुणीही शिवेल. दुसऱ्याने बिघडवून ठेवलेला सुधारायला डोकं लागतं. म्हणून तीस वर्षं त्या तेच करत आल्या. लांब पॅन्ट आखूड करायची, कोटाचं फाटकं अस्तर काढून नवं लावायचं, तुटलेली चेन बदलायची, आणि ‘धुतल्यावर आटला हो’ असं सांगत आणलेला स्कर्ट, पोटाविषयी चकार शब्द न काढता, कमरेत दोन बोटं सैल करून द्यायचा. सगळी गल्ली त्यांना फिटिंगकाकू म्हणायची. खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर होतं.

तिमजली इमारतीच्या जिन्यालगतच्या खोलीत त्यांचं दुकान. दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, पडद्याआड उभं राहायला हातभर जागा, आणि एक आरसा. त्या आरशात माणूस जरा बारीक दिसायचा. काकूंनी तो मुद्दाम निवडला होता म्हणतात. वर दुसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांची नणंद राहायच्या. नणंद शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. काचेच्या नळ्या फोडणाऱ्या पोरांवर वर्षानुवर्षं ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की ती ‘चहा हवा का’ विचारायची तरी समोरचा आधी ‘मी नाही केलं’ म्हणायचा.

काकूंचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. जाण्याआधी त्यांनी दोन गोष्टी करून ठेवल्या: दुकानाला नवी पाटी लावली आणि दुकानासाठी मेलचा पत्ता काढला. ‘आता लोक पडद्यांची मापं मेलवर पाठवतात,’ असं त्यांचं म्हणणं. पत्ता साधा होता. स्वतःचं आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर, बस. मेलच्या खाली आपोआप येणारा मजकूरही त्यांनीच लिहून ठेवला होता: ‘उंची कमी करून मिळेल. चेन व अस्तर दोन दिवसांत. मंगळवारी बंद.’

त्या आडनावाची माणसं शहरात पैशाला पासरी. त्यांतलाच एक गृहस्थ पाणीपुरवठा मंत्र्यांचा खासगी सचिव होता. नावाचं पहिलं अक्षरही तेच. त्याने पत्ता काढायच्या आधीच काकूंच्या यजमानांनी तो घेऊन टाकलेला, म्हणून सचिवाला आपल्या पत्त्याच्या शेवटी एकाचा आकडा लावावा लागला. दोघांत फरक काय तो तेवढा एकाचा.

आता मंत्र्यांनी आपल्या सचिवाला सरकारी मेलवरून सरकारी मेलवर लिहावं, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. पण सरकारी मेलची कटकट फार. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणते, उघडताना फोनवर आकडे पाठवते, ते आकडे परत विचारते. साहेबांना तो अपमान वाटायचा. सरकार म्हणजे आपण, आणि सरकारचीच मेल आपल्याला विचारते की तू कोण? त्यापेक्षा त्यांचं घरचं खातं बरं, जे पूर्वी कधीतरी सहलीचे फोटो बघायला उघडलं होतं. त्या खात्याने साहेबांना कधी काही विचारलं नाही. तेव्हा शहराचा पाणीपुरवठा त्या खात्यातून चालू लागला. साहेब स्वतः एका बोटाने टाइप करायचे. पत्त्याच्या शेवटापर्यंत येता येता बोट थकायचं, आणि कधी एक पडायचा, कधी राहायचा.

राहिला, की मेल फिटिंगकाकूंना.

पहिली मेल आली तेव्हा काकू एका गिऱ्हाइकाच्या खिडक्यांची मापं शोधत होत्या. वर लिहिलं होतं, ‘तातडीचे व अत्यंत गोपनीय’. काकूंनी ती उघडली. एवढ्या तातडीने कुणाची पॅन्ट उसवली, असं त्यांना वाटलं. आत कुठल्या भागाचं पाणी कुठल्या दिवशी तोडायचं त्याची यादी होती, आणि खाली ‘लोकांना आधी कळता कामा नये, बोंब मारतील’ अशी तळटीप.

काकूंनी नणंदेला हाक मारली. नणंदेने चष्मा लावून यादी वाचली.

‘अगं वहिनी, हे तर सरकारचं आहे.’

‘मग माझ्याकडे का आलं?’

‘उंची कमी करायला असेल,’ नणंद म्हणाली. ‘परत पाठव आधी. नसती बिलामत.’

काकूंनी उत्तर लिहिलं: ‘आदरणीय साहेब, आपली मेल चुकून आमच्याकडे आली आहे. हे कपड्यांचे दुकान आहे. कृपया पत्ता तपासून घ्यावा. कळावे.’ खाली आपोआप उंची, चेन, अस्तर आणि मंगळवार.

पाच दिवसांनी दुसरी मेल आली. मग तिसरी. दोन वर्षांत काकूंनी अशी एक्केचाळीस उत्तरं पाठवली. सुरुवातीला ‘आदरणीय साहेब’ होतं, मग ‘साहेब’ झालं, मग ‘अहो’. सव्विसाव्या उत्तरात त्यांनी स्पष्टच लिहिलं की शेवटी एक घाला, एक. मध्यंतरी त्यांनी मंत्रालयात फोनही केला. तिथल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘तुमची तक्रार लेखी द्यावी लागेल. मेल करा.’

आता एक गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण पुढे काकूंनीही ती लपवली नाही. आपल्या भागाचं पाणी उद्या जाणार हे वाचल्यावर काकू आज पाणी भरून ठेवायच्या. दोन बादल्या आणि एक टब. वाचलेलं विसरायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं. जिन्यावरून बादल्या नेताना लोकांनी पाहिलं. सहा महिन्यांत इमारतीच्या ध्यानात आलं की फिटिंगकाकूंनी बादली उचलली की दुसऱ्या दिवशी नळ कोरडा. मग काकू बादली घेऊन खाली उतरल्या, की मागोमाग तिन्ही मजल्यांचे पिंप, घागरी, प्लास्टिकचे डबे रांगेत. कसं कळतं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं असतं, आणि मग सगळ्यांनाच कळलं असतं की आपल्याला ते कळायला नको होतं. तेव्हा न विचारण्याचा समंजसपणा सगळ्यांनी दाखवला.

भांडं फुटलं ते विमानतळावर. परदेशातली धरणं बघून साहेब परतत होते. तिथल्या प्रवाशांसाठी ठेवलेल्या संगणकावर त्यांनी आपलं घरचं खातं उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवून ते विमानात जाऊन बसले. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठीही कीबोर्डखाली राहिली. पासवर्ड म्हणजे साहेबांचं स्वतःचंच नाव. दुसरं कुठलं नाव त्यांना इतकं आवडत नव्हतं. त्यांच्यामागे खुर्चीत बसलेल्या प्रवाशाला नऊ हजार मेल दिसल्या. त्याने त्या एका वर्तमानपत्राकडे दिल्या.

मग काय विचारता. सगळा देश मेलच्या सुरक्षेविषयी बोलू लागला. ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत मेलला ‘ते ईमेल का काय’ म्हटलं, ते चहाच्या टपरीवर सांकेतिक कुलपांवर बोलू लागले. बँकेच्या रांगेत एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, ‘असल्या बेजबाबदार माणसाला भर चौकात उभा केला पाहिजे!’ तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला, आणि त्यांनी कार्डाचा गुप्त क्रमांक तिला एकेक आकडा ठासून सांगितला. तिला नीट ऐकू येईना म्हणून दोनदा. रांगेतल्या सगळ्यांना तो पाठ झाला. मोर्चे निघाले. ‘राजीनामा द्या’चे कापडी फलक शिवून घ्यायला लोक काकूंकडेच आले, आणि संध्याकाळी ‘साहेब, आम्ही तुमच्यासोबत’वालेही. काकूंनी दोघांनाही सारखीच दुहेरी शिलाई घातली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी पत्रकार परिषद घेतली. ते म्हणाले, ‘माझ्या खात्याला पासवर्ड होता, आणि तो मी कुणालाही सांगितलेला नाही. फक्त लिहून ठेवला होता.’ मग त्यांनी घसा साफ केला. ‘या प्रकारामागे परकी हात आहे.’

तो हात शोधायचा म्हणून वाहिन्यांनी नऊ हजार मेल चाळल्या, आणि त्यांना एक्केचाळीस उत्तरं सापडली. सगळी एकाच पत्त्यावरून. उत्तरांचा मजकूर कुणी वाचला नाही. तो फारच साधा होता. पण खालच्या ओळींनी सगळ्यांचे कान टवकारले. एका वाहिनीवर निवृत्त सेनाधिकारी, गुप्तहेरगिरीचे अभ्यासक आणि एक ज्योतिषी असे तिघे बसले.

‘उंची कमी करून मिळेल,’ अभ्यासक म्हणाले, ‘हा उघड उघड धरणाच्या भिंतीचा उल्लेख आहे.’

‘चेन म्हणजे पुरवठा साखळी,’ सेनाधिकारी म्हणाले. ‘आणि अस्तर म्हणजे आतून पेरलेला माणूस.’

‘मंगळवार,’ ज्योतिषी एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

काकू आणि नणंद जेवता जेवता हे बघत होत्या. काकूंचा घास हातातच राहिला.

‘वहिनी,’ नणंद म्हणाली, ‘यांनी तुला धरण फोडायला लावलं की गं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानात चार अधिकारी आले. मंगळवार नव्हता, तरी दुकान बंद झालं. त्यांनी संगणक उचलला, ज्यात सहाशे माणसांची मापं होती. त्यांच्या यादीत ‘टेप असल्यास ताब्यात घेणे’ असं लिहिलेलं होतं. त्यांचा मुख्य घुटमळला. काकूंनी गळ्यातली मापाची टेप काढून त्याच्या हातात दिली. ‘हीच एक आहे,’ त्या म्हणाल्या. त्याने ती पाकिटात घालून मोहोर लावली. यादीत लिहिलेलं सापडलं नाही, असं कसं सांगणार?

 पाकीट बंद होताना काकू आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. आरशात त्या बारीक दिसत होत्या, पण या वेळी तो आरशाचा गुण नव्हता.

मग इमारतीत फिरून चौकशी झाली. पहिला मजला म्हणाला, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. तिसरा मजला म्हणाला, बाई तशी पहिल्यापासून जरा आतल्या गाठीचीच. पाण्याविषयी विचारल्यावर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ज्यांचे पिंप अजून भरलेले होते त्यांनी तर जरा जास्तच. काकूंच्या दुकानासमोरून जाताना लोक फोन उलटा धरू लागले. जणू काकू नुसत्या बघून आतलं वाचतील. गिऱ्हाइकं येईनात. वर्षानुवर्षं काकूंनी ज्यांची पोटं पोटात ठेवली, ती माणसं ‘गुपितं फोडणारी बाई’ म्हणू लागली. काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हे.

‘एकाचंही माप मी दुसऱ्याला सांगितलं नाही गं,’ त्या नणंदेला म्हणाल्या. ‘समोरच्या वकीलबाईंची कमर किती, ते मी तुला तरी कधी बोलले?’

‘किती आहे?’ नणंदेने विचारलं.

‘बघ. अजूनही सांगणार नाही.’

नणंद हसली आणि मग एकदम रडली. तिचा भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, गेल्यानंतर काकूंनी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात तोंड उघडलं ते एकाच माणसाने. तळमजल्यावर पोस्टमन राहायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना पोस्टमनच म्हणायचे. वाहिनीची पोरगी माइक घेऊन दाराशी आली, तेव्हा बाकीची दारं पटापट बंद झाली. पोस्टमनच्या गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता आलं नाही. ते सापडले.

‘तुमच्या इमारतीत देशद्रोही राहतो, कसं वाटतं?’ तिने विचारलं.

‘मी अडतीस वर्षं पत्रं वाटली,’ पोस्टमन म्हणाले. ‘चुकीच्या घरात पत्र पडलं की लोक काय करतात सांगू? फोडतात. वाचतात. मग फेकून देतात. परत आणून देणारं घर अख्ख्या भागात एखादं. ही बाई एक्केचाळीस वेळा परत द्यायला गेली. आमच्या खात्यात असती तर हिला बढती मिळाली असती.’

‘पण ती पाणी भरायची म्हणे?’

‘भरायची की. आणि तिच्यामागे मीही भरायचो. हे वरचे सगळे भरायचे. सगळ्यांना पकडा. तुरुंगात पाणी असतं का चोवीस तास?’

या मुलाखतीचे तुकडे लोकांनी एकमेकांना इतके पाठवले की दोन दिवसांत हवा फिरली. लोकांचा एक गुण आहे. ते चुकले तर चूक कबूल करत नाहीत, पण बाजू अशी बदलतात की जणू पहिल्यापासून तिथेच उभे होते. आता सगळ्यांनी ती उत्तरं वाचली. सव्विसावं तर अंगरख्यांवर छापून विकायला आलं: ‘शेवटी एक घाला, एक.’ मोर्चेकऱ्यांची ती घोषणाच झाली. तिसऱ्या मजल्याने वाहिनीला सांगितलं की काकू म्हणजे आमच्या घरातल्याच.

चौकशी समितीसमोर काकूंची साक्ष झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, आणि काकूंचं निम्मं लक्ष तिकडे होतं.

‘गोपनीय मजकूर तुम्ही वाचलात?’

‘वाचला.’

‘वाचू नये हे माहीत असून?’

‘न वाचता कसं कळणार, की वाचायचा नव्हता?’

मागे बसलेले लोक हसले. अध्यक्षांनी घंटी वाजवली.

‘या माहितीचा तुम्ही फायदा घेतलात?’

 शेजारी बसलेली सरकारी वकीलबाई, वहीत काहीतरी शोधत असल्यासारखी, खाली बघत होती. काकूंनी तिला ओळखलं होतं; जिची कमर त्यांनी नणंदेलाही सांगितली नव्हती, ती समोरची वकीलबाई हीच.

‘हो,’ काकू म्हणाल्या. ‘दोन बादल्या आणि एक टब. साहेबांनी पाणी तोडणार म्हणून सगळ्यांना आधी सांगितलं असतं, तर माझा काहीच फायदा झाला नसता.’

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी हे वाक्य लिहून घेतलं, आणि अहवालात मात्र घातलं नाही.

अहवाल तीनशे पानांचा निघाला. त्यात घडलेल्या प्रकाराला ‘मानवी चूक’ म्हटलं होतं. मग तो मानव कोण, याचा शोध झाला, आणि तो सचिव निघाला. त्याला घरी बसवलं. साहेबांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पाणीपुरवठा खात्यावर पाणी सोडलं आणि आठवड्याभराने रस्ते खातं घेतलं. काकूंना ‘दोष आढळला नाही’ असं दोन ओळींचं पत्र आलं. संगणक आठ महिन्यांनी परत मिळाला, आतली मापं पुसून. टेप आलीच नाही. ती बहुधा अजून पुरावा आहे.

काकूंनी नवी टेप घेतली आणि सहाशे माणसांना पहिल्यापासून मापायला घेतलं. कामाला तोटा नव्हता. लांबलांबून लोक यायचे, बरी असलेली पॅन्ट उगाच आखूड करून घ्यायचे आणि काकूंबरोबर फोटो काढायचे. काकूंना हे आवडायचं नाही, पण फोटोत त्या हसायच्या. नणंद मागून ओरडायची, ‘सरळ उभे राहा!’ आणि लोक राहायचे.

एका शनिवारी दुपारी एक पन्नाशीचा माणूस आला. हातात पिशवी, पिशवीत करड्या रंगाची पॅन्ट. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून तो आत आला.

‘कमरेत कमी करायची आहे,’ तो म्हणाला. ‘सैल व्हायला लागली.’

काकूंनी वही उघडली. ‘नाव?’

त्याने आडनाव सांगितलं. काकूंचंच. मग नावाचं पहिलं अक्षर. काकूंनी पेन खाली ठेवलं.

 तोच पुढे म्हणाला, ‘मला माहीत होतं. साहेब विचारायचे, ही शिलाईवाली कोण लिहीत असते? मी म्हणायचो, जाहिरात असेल साहेब.’

‘का?’

‘पत्ता साहेबांनी चुकवलाय, असं कोण सांगणार? आमच्याकडे साहेब चुकत नसत. पंचवीस वर्षांत एकदाही नाही.’ तो पिशवीची घडी घालू लागला, मग उलगडू लागला. ‘दोन मुली आहेत हो मला.’

काकूंच्या जिभेवर खूप काही आलं. मोहोर लावलेलं पाकीट आलं, उलटे धरलेले फोन आले, रडणारी नणंद आली. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं होतं, तेही वाकडं.

‘तुम्ही एक शब्द बोलला असतात ना,’ त्या म्हणाल्या, ‘तर आज दोघंही बरे असतो.’

‘हो.’

‘माफी मागायला आलात?’

‘हो. आणि पॅन्टही आहे.’

काकूंनी टेप त्याच्या कमरेभोवती फिरवली. त्याने सवयीने पोट आत घेतलं. आत घ्यायला फारसं काही उरलं नव्हतं तरी.

‘श्वास सोडा,’ काकू म्हणाल्या. ‘खरं माप लागतं मला.’

त्याने श्वास सोडला. काकूंनी आकडा वहीत लिहिला, वही मिटली, आणि त्याला गुरुवारी यायला सांगितलं.